उच्च शिक्षणाची वाट आणि आपल्या घरचा उंबरठा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आरंभी संतश्रेष्ठ श्रीनामदेवमहाराजांच्या चरणी वंदन करतो. ह्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आजवर डॉक्टर, वकील, अभियंते आणि प्राध्यापक ह्यांस मिळत आला. यंदा चिटणीसांनी मजसारख्या, मॅट्रिकनंतर अध्यापक पदविका घेऊन आयुष्यभर प्राथमिक शाळेत राहिलेल्या निवृत्त शिक्षकास पाचारण केले, आणि विषय दिला तो 'उच्च शिक्षण आणि आपला समाज' हा. ज्याने विद्यार्थी म्हणून महाविद्यालयाची पायरी कधी चढली नाही त्याने ह्या विषयावर काय बोलावे, असे मी त्यांस विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, ज्यांना वाट सापडली त्यांनी आजवर पुष्कळ सांगितले. ज्याला सापडली नाही त्याने एकदा सांगावे." ह्या उत्तरावर मजजवळ प्रत्युत्तर नव्हते, म्हणून मी आपणांपुढे उभा आहे.

समोरच्या मेजावर मांडलेल्या ढाली आणि प्रशस्तिपत्रे पाहून कुणाचेही मन प्रसन्न होईल. नव्वद आणि पंच्याण्णव टक्के गुण मिळवणारी मुले आपल्या समाजात आता दरवर्षी निपजतात, ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु आजच्या तयारीसाठी मी मंडळाच्या शिष्यवृत्तीच्या जुन्या वह्या मागवून घेतल्या आणि तीन रात्री बसून वाचल्या, तेव्हा त्या प्रसन्नतेस थोडा धक्का बसला. त्या वह्यांत विद्यार्थ्याच्या नावापुढे 'पालकाचा व्यवसाय' असा एक रकाना आहे. त्यात मी वाचत गेलो : नोकरी, नोकरी, बँक, शिक्षक, नोकरी, तलाठी, पुन्हा नोकरी. 'शिवणकाम' हा शब्द मला पुष्कळ पाने उलटल्यावर भेटला, आणि नंतरही तो बोटांवर मोजण्याइतकाच भेटला. शिंपी समाजाच्या शिष्यवृत्तीच्या वहीत शिवणकाम हा शब्द शोधावा लागावा, ह्याहून चमत्कारिक गोष्ट ती कोणती? वास्तविक आजही आपल्यापैकी कितीतरी घरे मशीनवर चालतात. तयार कपड्यांच्या दुकानांनी धंद्याचा प्राण घेतला आणि उरले ते पॅन्टची उंची कमी करणे, साखळी बदलणे आणि लग्नसराईतील ब्लाउज एवढेच. तरीही ही घरे आहेत, त्या घरांत मुले आहेत आणि ती शाळेत जातात. मग ती ह्या वहीपर्यंत का पोहोचत नाहीत?

त्याच वहीत माझ्या मुलाचे नावही दोनदा आहे. मी उपसमितीवर येण्यापूर्वीची ती गोष्ट आहे, हे खरे. पण म्हणून ती लपवावी असे मला वाटत नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर मला दूर शोधावे लागले नाही, ते माझ्याच घरात आहे. आम्ही दोघे भाऊ. वडील गेले तेव्हा थोरला भाऊ सातवीत होता आणि मी चौथीत. त्याने शाळा सोडून मशीन धरले, आणि त्याने मशीन धरले म्हणूनच मी मॅट्रिक होऊ शकलो, पदविका घेऊ शकलो व पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो. पुढे त्याचा मुलगा आणि माझा मुलगा एकाच वर्षी जन्मले, एकाच शाळेत एका बाकावर बसले. २००६ साली दोघे दहावी झाले. पुतण्यास अठ्ठ्याहत्तर टक्के गुण होते, माझ्या मुलास चौऱ्याहत्तर. आज माझा मुलगा अभियंता आहे आणि पुतण्या वडिलांच्या दुकानात बसतो. एक आजोबा, एक जात, एक आळी, एक शाळा. बुद्धीचे म्हणाल तर अधिक गुण त्याचे. आपल्यात काही मंडळी सहज म्हणून जातात की, ज्याच्यात हुशारी व जिद्द असेल तो कुठूनही वर येतो. त्या मंडळींनी माझ्या घरी येऊन हा हिशेब एकदा मला समजावून द्यावा.

मधल्या दोन वर्षांत काय घडले ते तपशिलाने सांगतो, कारण सारा विषय ह्या तपशिलातच आहे. दोघांनीही तालुक्याच्या गावी अकरावी विज्ञानास नाव घातले. दहावीपर्यंत सारे विषय मराठीतून शिकलेल्या मुलांपुढे एकदम इंग्रजी पुस्तके आली. माझ्या मुलास मी शिकवणी लावली. माझ्याजवळ पैसे होते असे नव्हे. परंतु मी पगारदार असल्यामुळे शिक्षकांच्या पतसंस्थेने मला कर्ज दिले आणि पुढे भविष्य निर्वाह निधीतून मला उचल मिळाली. भावाची पत कुणापाशी? कापडवाल्या व्यापाऱ्यापाशी, आणि तीही दिवाळीपर्यंतची. दुसरी गोष्ट, आमच्या शाळेत वर्तमानपत्र येत असे. प्रवेशपरीक्षेचे अर्ज कधी निघतात, शेवटची तारीख कोणती, उत्पन्नाचा दाखला कुठून काढावा, हे मला घरबसल्या कळे, कारण आम्हां शिक्षकांच्या गप्पाच ह्या. भावाच्या दुकानात गप्पा चालत त्या उधारीच्या. तिसरी गोष्ट दैवाची म्हणा : बारावीच्या वर्षी, ऐन लग्नसराईत, भावास कावीळ झाली. अंगावर घेतलेले काम पडून होते आणि कापडे लोकांची होती. पुतण्या मशीनवर बसला तो पंधरा दिवसांकरिता. पंधराचे साठ दिवस झाले, आणि बारावीच्या परीक्षेस तो बसलाच नाही. माझ्या घरात मी तीन महिने अंथरुणावर पडलो असतो तरी पगार चालू राहिला असता आणि मुलाच्या पुस्तकास कुणी हात लावला नसता. सारा फरक एवढाच आहे, आणि ह्या एवढ्याशा फरकाने दोन चुलतभावांचे आयुष्य दोन बाजूंस गेले.

आता ह्या गोष्टीला एक जोड आहे, ती सांगण्यास मला संकोच वाटतो. ती परीक्षा २००८ सालची. त्याच वर्षी १० एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणसंस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या सत्तावीस टक्के जागा वैध ठरवल्या. १९९२ साली मंडल आयोगाच्या खटल्यात नोकऱ्यांतील जागा मान्य झाल्या होत्या. २००५ च्या घटनादुरुस्तीनंतर आणि २००६ च्या कायद्यानंतर मोठमोठ्या तंत्रशिक्षणसंस्थांची दारे आपल्यासारख्यांच्या मुलांकरिता उघडली गेली ती ह्या २००८ च्या निकालाने. त्या निकालाची बातमी मी शाळेतील वर्तमानपत्रात पहिल्या पानावर वाचली, सहकाऱ्यांस वाचून दाखवली, आनंदही व्यक्त केला. त्या वेळी माझा पुतण्या आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर मशीन चालवीत होता. त्या बातमीचा त्याच्याशी काही संबंध असेल, उठून त्याच्याकडे जावे, पुढच्या वर्षी परीक्षेस बस असे त्यास बजावावे, हे माझ्या मनात आले नाही. ज्या भावाने माझ्याकरिता शाळा सोडली त्याच्या मुलाविषयी मी बोलतो आहे, हे आपण ध्यानात घ्यावे.

पुतणी त्याच्याहून एक वर्षाने मोठी. ती बारावी झाली तेव्हा भावाने मला विचारले, "पोरीचं पुढं काय करावं? तू सांगशील तसं." मी एका क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, डी. एड. करावे. मला ठाऊक असलेली वाट तेवढीच होती! मी स्वतः त्या वाटेने गेलो, दोन वर्षांत मिळवता झालो, म्हणून ती सर्वांची वाट असे मी धरून चाललो. मुलीस गणिताची विलक्षण आवड होती. तिने विज्ञानाची पदवी घ्यावी, पुढे आणखी शिकावे, हे मला सुचले नाही, कारण त्या रस्त्यावर पुढे काय असते हे मी पाहिलेलेच नव्हते. त्या काळात डी. एड.ची महाविद्यालये गावोगाव निघत होती. तिची पदविका हातात पडली आणि पाठोपाठ भरती आटत गेली. २०१२ साली तर शासनाने ती थांबवलीच, आणि पुढे कित्येक वर्षे हजारो पदविकाधारक घरी बसले. पुढे ती महाविद्यालयेही एकामागून एक बंद पडली. आज ती सासरी ब्लाउज शिवते आणि आपल्या मुलास गणित शिकवते. मला ती कधी बोल लावीत नाही. "काका, तुम्ही बऱ्यासाठीच सांगितलंत," एवढेच म्हणते. सामाजिक पार्श्वभूमी म्हणून विद्वान लोक जिचा उल्लेख करतात ती पुष्कळदा अशीच असते : सल्ला देणारा माणूस प्रेमळ असतो, पण त्याची दृष्टी पुढच्या वळणापर्यंतच पोहोचते.

हा विषय काल-परवाचा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले ह्यांनी निवेदन सादर केले, त्यात ह्याच दुखण्यावर बोट ठेवले होते. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांस होतो, अशी त्यांची तक्रार होती. आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी होती. ज्या मुलाच्या पायाखाली पहिलीच पायरी नाही त्याने वरच्या मजल्यावर कसे जावे, हा साधा विचार त्यामागे होता. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली तेच पाऊल उचलले.

परंतु शाहू महाराजांची खरी दूरदृष्टी मला त्यांच्या वसतिगृहांत दिसते. शाळा काढली म्हणजे काम संपले असे त्यांनी मानले नाही. खेड्यातला मुलगा कोल्हापुरास शिकावयास आला तर तो निजणार कुठे आणि जेवणार काय, हा प्रश्न त्यांनी सोडवावयास घेतला. १९०१ पासून पुढे एकेका समाजाचे वसतिगृह त्यांच्या प्रोत्साहनाने उभे राहिले. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांची मुले. आपल्या समाजाचेही नामदेव बोर्डिंग त्यांत होते, ही आपण अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. जातवार वसतिगृहे काढल्याबद्दल त्यांजवर टीका झाली आणि आजही होते. माझ्या अल्पमतीप्रमाणे, ज्यांना राहावयास बिऱ्हाड मिळत होते त्यांना ती टीका परवडत होती.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर ह्याही पुढे जाऊन १९२४ साली सातारच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसवली. मुलांच्या पोटास घालावयास काही उरले नाही तेव्हा लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. १९४७ साली साताऱ्यात शिवाजी महाविद्यालय निघाले ते 'कमवा आणि शिका' ह्या तत्त्वावर. सकाळी शेतात किंवा बांधकामावर राबावे आणि नंतर वर्गात बसावे. त्या मुलांस कुणी हुशारीचे प्रशस्तिपत्र मागितले नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांस शिकता यावे म्हणून तेथील वर्ग सकाळी भरत. घड्याळाचे काटे मुलाच्या सोयीने फिरवणारा संस्थापक विरळाच.

ह्या ठिकाणी एक गोष्ट बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपण आपल्या मागासलेपणाविषयी बोलतो, परंतु आपल्याही खालच्या पायरीवर लोक उभे होते आणि त्यांस ढकलण्यात आपला हात नव्हता असे नाही. माझी आजी सांगत असे की, आमच्या पणजोबांच्या ओट्यावर महारवाड्यातील माणूस अंगरखा शिवावयास आला तर तो ओट्याखाली उभा राही आणि पणजोबा नुसत्या नजरेने माप घेत. शिवण्याचा धंदा करणारे आपण, काही माणसांस मात्र शिवत नव्हतो. तेव्हा दलित वा आदिवासी मुलास मिळणाऱ्या सवलतीकडे बोट दाखवून जी कुजबुज आपल्या बैठकींत कधी कधी ऐकू येते, ती आपल्या तोंडी शोभत नाही.

सद्यःस्थिती पाहू. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालाप्रमाणे अठरा ते तेवीस वर्षे वयाच्या लोकसंख्येशी उच्च शिक्षणातील एकूण प्रवेशांचे प्रमाण शेकडा २८.४ होते. अनुसूचित जातींत ते २५.९ आणि अनुसूचित जमातींत २१.२ होते. मुली मुलांच्या बरोबरीस आल्या आहेत, किंबहुना किंचित पुढेच आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत हे प्रमाण पन्नासावर नेण्याचे ठरवले आहे. आकडे वाढत आहेत ह्यात शंका नाही. परंतु मी आयुष्यभर पट भरलेला माणूस आहे. पटावर नाव असणे वेगळे आणि कोण कोणत्या वर्गात, कोणत्या बाकावर बसला हे वेगळे. तालुक्याच्या महाविद्यालयात कला शाखेस नाव घालून दिवसभर दुकानात काम करणारा मुलगा आणि नामांकित संस्थेत अभियांत्रिकी शिकणारा मुलगा, दोघेही त्या शेकडा २८ मध्ये एकेकच धरले जातात. आणि ह्या आकड्यांतून शिंप्याच्या मुलाचे काय झाले ते तर मुळीच कळत नाही. अनुसूचित जाती-जमाती सोडल्यास देशभरातील इतर जातींची गणना १९३१ नंतर प्रसिद्ध झालेली नाही. येत्या जनगणनेत ती करण्याचे केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केले आहे.

सवलती नाहीत असे कुणी म्हणू नये. महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांस शेकडा एकोणीस जागा आहेत. जुलै २०२४ पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ झाले आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांकरिता ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले ह्यांच्या नावाने आधार योजना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांत प्रवेश मिळवणाऱ्यास तारण व जामीन न देता कर्ज मिळते. पण ह्या योजनांपर्यंत पोहोचावयाचे कसे? शुल्क माफ झाले तरी पुण्यास खोली, खानावळ, संगणक आणि जाण्यायेण्याचा खर्च राहतोच. शासनाची शिष्यवृत्ती खात्यात जमा होईपर्यंत पुष्कळदा वर्ष उलटते, आणि कित्येक महाविद्यालये पैसे आधी भरावयास सांगतात. वैद्यकीय प्रवेशाची २०२४ सालची राष्ट्रीय परीक्षा तेवीस लाखांहून अधिक मुलांनी दिली आणि जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. तिच्या शिकवणीसाठी लातुरास किंवा कोट्यास दोन वर्षे ठेवणे म्हणजे एखाद्या शिलाई दुकानाच्या कित्येक वर्षांच्या मिळकतीचा प्रश्न आहे. तामिळनाडू शासनाने ही अडचण ओळखून २०२० साली शासकीय शाळांत शिकलेल्या मुलांकरिता वैद्यकीयच्या साडेसात टक्के जागा वेगळ्या ठेवल्या. मुलाची जात ध्यानात घेण्याबरोबरच त्याची शाळाही ध्यानात घ्यावी, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

केंद्रीभूत प्रवेशाची तऱ्हा तर आणखी निराळी. गेल्या वर्षी आपल्याच समाजातील एका मुलाने पसंतिक्रमात एकाच महाविद्यालयाचे नाव भरले. वडिलांस तेवढेच नाव ठाऊक होते आणि अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराने अधिक विचारले नाही. त्याच गुणांवर शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली असती, हे आम्हांस फेऱ्या संपल्यावर कळले.

जात पडताळणीच्या कागदाविषयी दोन शब्द बोलतो, कारण त्यात एक क्रूर विनोद दडलेला आहे. इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, आपली जात व वास्तव्य दाखवणारा पुरावा शोधावा लागतो. बहुधा तो आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर असतो. ज्या घरातील आजोबा शाळेत गेले त्या घरात कागद आहे. ज्या घरातील आजोबा कधी शाळेतच गेले नाहीत, म्हणजे जे घर खरोखर मागे राहिले, त्या घरात मागासलेपण सिद्ध करण्यास कागद नाही! मग जन्ममृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना चौदा धुंडाळा, कोतवाल बुक पाहा, मोडी वाचणारा माणूस गाठा. एखाद्या जुन्या रजिस्टरात नुसते 'हिंदू' असे लिहिलेले सापडते. माझ्यापुरते सांगतो, मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेचे जुने दाखलपत्रक वाळवीने खाल्ले, आणि त्या वेळी त्याची मला तितकीशी हळहळ वाटली नव्हती. आज त्या पानांवर कुणाकुणाचे आजोबा होते ह्या विचाराने झोप उडते.

आता मंडळाकडे वळतो. आपल्या शिष्यवृत्तीस पंचाहत्तर टक्के गुणांची अट आहे. ती ज्यांनी घातली त्यांचा हेतू शुद्ध होता. मुलांत चुरस लागावी, एवढाच. परंतु तिचा परिणाम असा झाला की ज्याला शिकवणी, स्वतंत्र खोली आणि शिकलेले आईबाप लाभले त्याच्याच हाती आपले पाकीट पडते. शिवाय आपण ते देतो डिसेंबरात, मेळाव्याच्या दिवशी, हार घालून. प्रवेशाचे पैसे भरावयाचे असतात जुलै-ऑगस्टात. डिसेंबरपर्यंत ज्याला शिक्षण सोडावयाचे त्याने ते सोडलेले असते. तेव्हा माझी सूचना अशी आहे की, कौतुक जसे चालते तसे चालू द्यावे, ढाली द्याव्यात, टाळ्याही वाजवाव्यात, त्यात मीही पुढे असेन. परंतु रोख रक्कम मात्र गुणांची अट काढून, बारावी उत्तीर्ण झालेल्या आणि घरात पगार नसलेल्या मुलामुलींस, प्रवेशाच्या वेळी, त्याच आठवड्यात द्यावी. ज्या घरांत आता पगार आहे त्यांनी आपल्या मुलांचा हक्क सोडावा. हे बोलताना समोर माझे पुष्कळ मित्र बसले आहेत आणि त्यांतील काहींच्या कपाळावर आठ्या पडलेल्या मला चष्म्यातूनही दिसतात. कार्यकारी मंडळात ह्यावर मतभेद होतील, ते व्हावेत.

पैशाइतकीच गरज माणसाची आहे. दाखले काढताना, अर्ज भरताना, पसंतिक्रम लिहिताना मुलाबरोबर बसणारा, त्या वाटेने नुकताच गेलेला कुणी तरी पाहिजे. आज ज्यांचा सत्कार झाला आणि ज्यांच्या थोरल्या भावंडांचा मागे झाला, त्या प्रत्येकाने एका घराची जबाबदारी घ्यावी अशी माझी विनंती आहे. माझ्या मुलाने आपल्या चुलतभावाच्या मुलीची घेतली आहे. ती आता चौथीत आहे. फार लवकर सुरुवात केली असे तो हसून म्हणतो. मला तसे वाटत नाही.

जातवार गणना होईल तेव्हा होईल. आपल्या चार तालुक्यांतील आपलीच घरे मोजावयास सरकार कशाला हवे? दाराशेजारच्या मेजावर मी एक कोरी वही ठेवली आहे. ज्यांची मुले नववी ते बारावीत आहेत त्यांनी मुलाचे नाव, इयत्ता, शाळा, घरात मशीन चालते की पगार येतो, आणि १९६७ पूर्वीचा कागद आहे की नाही, एवढे त्यात नोंदवावे. ज्यांची मुले शाळा सोडून बसली आहेत त्यांनी तर अवश्य लिहावे. पुष्कळांस लाज वाटते, ती वाटू देऊ नये. ज्यांना लिहिण्याचा सराव राहिला नाही त्यांच्याकरिता मी तेथेच बसणार आहे. पंगतीची पाने मांडली आहेत असे दिसते, तेव्हा अधिक वेळ घेत नाही. वही भरून झाल्यावर मी शेवटच्या पंगतीस येईन.